खर्जाच्या शोधात लॅमिंग्टन रोडवर

मुंबईतले काही रस्ते डोळ्यांनी पाहायचे असतात, तर काही नाकाने ओळखायचे असतात. भुलेश्वरच्या फूलगल्लीतून डोळे बांधून नेले तरी माणूस ठिकाण अचूक सांगेल. लालबागच्या मिरची गल्लीत तर परगावचा पाहुणासुद्धा दोन शिंका देऊन आपण कोठे आलो ते जाणतो. लॅमिंग्टन रोड मात्र कानांनी पाहायचा रस्ता आहे. ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेकडे उतरावे आणि चार पावले चालावे. प्रथम ऐकू येतो तो बसगाड्यांचा, हातगाड्यांचा आणि फेरीवाल्यांचा नित्याचा कल्लोळ. थोड्या वेळाने त्या कल्लोळाच्या तळाशी आणखी काहीतरी आहे असे वाटू लागते. ते कानाला नीटसे सापडत नाही, परंतु छातीला कळते. समजावे की कोठल्या तरी दुकानात, कोणीतरी, कोणाला तरी ‘बेस’ दाखवीत आहे!

या रस्त्याचे सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पोलीस ठाण्याची पाटी ते नाव पाळते. टॅक्सीवाला पाळत नाही. ज्याच्या नावाला मुंबईकर इतकी वर्षे चिकटून राहिला, तो लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. त्याआधी तो ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडचा गव्हर्नर होता, आणि तिकडे त्याच्या नावाचा एक केक अजून आवडीने खातात. चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेला! पुढे १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, त्या सभेत हे गृहस्थही होते व जखमी झाले. केक, गोळी आणि ट्रान्झिस्टर अशा तीन निरनिराळ्या गोष्टींशी नाव जोडले जाण्याचे भाग्य फारच थोड्या गव्हर्नरांना लाभले असेल.

ध्वनीशी या परिसराची सोयरीक मात्र विजेच्या दुकानांच्या आधीपासूनची आहे. रस्त्याच्या दक्षिण टोकाला रॉयल ऑपेरा हाऊस उभे आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या हस्ते त्याचा उद्घाटनसमारंभ झाला. १९९३ साली ते बंद पडले आणि डागडुजी होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. याच भागात प्रोफेसर बा. र. देवधरांची संगीतशाळा होती, आणि कुमार गंधर्व पोरवयात त्यांच्याकडे शिकत होते. पलीकडे केनेडी पुलाच्या आसपास गाणाऱ्या बायकांची, सारंगियांची आणि तबलजींची वस्ती. उत्तरेकडे मिनर्व्हा चित्रपटगृह होते. १९७५ साली तेथे ‘शोले’ लागला, तो पाच वर्षे हलला नाही. सत्तर मिलिमीटरच्या पडद्याबरोबर तेथे स्टिरिओफोनिक आवाजही होता, आणि नाणे पडल्याचा खणखणाट झाला की प्रेक्षक खुर्चीखाली वाकून पाहत, असे सांगतात. आता मिनर्व्हा नाही, ते प्रेक्षकही घरोघर गेले. परंतु थिएटरात ऐकलेला तो आवाज आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत आणावा, ही इच्छा मात्र त्यांच्या मुलानातवंडांनी सोडलेली नाही. लॅमिंग्टन रोडचा निम्मा व्यापार त्या इच्छेवर चालतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मीही या रस्त्याच्या वाटेला गेलो. कारण घडले एका कॅसेटचे. माझे वडील पोटासाठी रेल्वेत कारकुनी करीत आणि हौसेने तबला वाजवीत. १९८४ सालच्या कोजागिरीला आमच्या चाळीच्या गच्चीवर गाणे झाले. वडील साथीला होते, आणि कोणीतरी मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर ते सारे उतरवून ठेवले. वडील गेले, चाळ गेली, कॅसेट राहिली. नोकरीसाठी आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या भाच्याने ती मोठ्या खटाटोपाने मोबाईलवर उतरवली आणि एका संध्याकाळी आजीला ऐकवली. आई पाच मिनिटे लक्ष देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, “वाजतंय खरं. पण ह्यांचा डावा हात कुठं आहे त्यात?”

तबल्यात डावा हात म्हणजे डग्गा. मोबाईलमधून उजव्या हाताची चाट, किनार, तिरकिट सारे लख्ख येत होते. डग्ग्याचा घुमारा तेवढा कोठे नव्हता. भाच्याने टीव्हीखालची लांबट पट्टी जोडून पाहिली; थोडी धुगधुग झाली, पण डावा हात काही आला नाही. भाच्याला स्वतःलाही ‘बेस’ हवाच होता. त्याची गाणी निराळी आणि त्याची भूक निराळी. पंचवीस हजारांच्या आत, घरातल्या दोन पिढ्यांना चालेल असा एक अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची एक जोडी घ्यावी, असे ठरले. मधली पिढी म्हणजे मी; मला पिशवी धरायला नेले.

दादरला गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो. पहिल्याच दुकानात गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. एका पोराने गल्ल्यावर येऊन ‘बावन्नशे-एकोणीसशे त्रेचाळीसची जोडी’ मागितली. मला वाटले, हा सन सांगतो आहे. भाच्याने हळूच सांगितले, की हे ट्रान्झिस्टरचे क्रमांक आहेत आणि घरगुती जोडणीच्या निम्म्या अ‍ॅम्प्लिफायरांचा डोलारा त्याच जोडीवर उभा असतो. विक्रेत्याने आमच्यापुढे निळेतांबडे दिवे लुकलुकणारा एक डबा मांडला. त्यावर ५००० वॅट असे ठळक अक्षरांत छापले होते. त्याने आपल्याच मोबाईलवरचे आपलेच गाणे लावले, आणि काय सांगावे! कपाटाच्या काचा थरथरल्या, पेल्यातला चहा थरथरला. भाच्याचे डोळे लकाकले.

“आता आमचं लावा,” मी म्हटले.

त्याने नाखुशीनेच लावले. डग्गा आला, नक्कीच आला. परंतु अंगणात बादली उपडी घालून कोणी बडवावी, तसा आला. वडील डग्ग्यावर मनगट सरकवून स्वर चढवीत नि उतरवीत. त्या घिशाचा पत्ता नव्हता. प्रत्येक आघात एकाच सुरात ‘धुम्’ म्हणून संपत होता. पाचही बोटांचे ठसे पुसून एकच अंगठा उमटवावा, असा प्रकार.

त्या दुकानातून बाहेर पडताना भाच्याने डब्याच्या पाठीमागची पट्टी वाचून दाखवली. तेथे, विजेच्या तारेजवळ, अगदी बारीक अक्षरांत लिहिले होते: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६० वॅट. ज्या यंत्राच्या तोंडात साठ वॅट जातात, त्याच्या पोटातून पाच हजार बाहेर येणे हा चमत्कार झाला, आणि चमत्काराला वॉरंटी नसते. हे पाच हजार ‘पीएमपीओ’ नावाच्या मोजमापाचे. क्षणाच्या लहानशा अंशापुरती, कशीबशी निघेल अशी ती कल्पित ताकद. गिऱ्हाइकाने विचारायचा तो आकडा निराळा: ‘आरएमएस’, म्हणजे सतत, न दमता देता येणारी ताकद. तीही किती ओहमच्या स्पीकरला, आणि दोन्ही बाजू एकदम चालू असताना, हे विचारल्यावाचून पैशाच्या पाकिटाला हात लावू नये.

दुसरे दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होते. लाकडी जिना, भिंतीला लावून रचलेले जुने टर्नटेबल, टेबलावर उघडा पडलेला एक अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याच्यावर चष्मा कपाळी चढवून वाकलेले साठीच्या पुढचे एक कच्छी शेठ. त्यांचे मराठी गिरगावातले होते. हेल तेवढा गुजराती. आम्ही ‘जरा जास्त बेसचा’ अ‍ॅम्प्लिफायर मागितला, तर त्यांनी वस्तू दाखवायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. वैद्याने नाडी पाहावी तसे.

“खोली केवढी?”

“दहा बाय बारा.”

“खाली कोण राहतं?”

“एक कुटुंब. मुलगी यंदा दहावीला आहे.”

“ऐकणार काय?”

भाचा आणि मी एकदम बोललो, आणि अर्थातच दोन निरनिराळी उत्तरे दिली. शेठ हसले. “बसा साहेब. चहा मागवतो. बेस काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये भरून येत नाही. तो गाण्यात असतो. मशीनने फक्त त्याला वाटेत अडवायचं नसतं.”

नंतरच्या तासाभरात त्यांनी आम्हांला जे सांगितले, ते महाविद्यालयात वीस वर्षे शिकवूनही मला इतक्या सोप्या भाषेत सांगता येणार नाही. वाचकांपैकी कोणी या दिवाळीत अशाच खरेदीला निघणार असतील, तर त्यांच्यासाठी ते येथे मांडतो.

पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर तंबोऱ्यावरची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. त्या स्वराची एक लाट हवेत जवळजवळ सोळा फूट लांब असते. डग्ग्याचा घुमाराही शंभर कंपनांच्या खालीवर खेळतो. मोबाईलचा नखाएवढा स्पीकर या प्रदेशात पोहोचतच नाही. तरीही मोबाईलवर तंबोरा ‘लागलेला’ वाटतो, कारण आपला मेंदू मोठा चतुर आहे. मूळ स्वर गाळून नुसती त्याची वरची स्वरमालिका ऐकवली, तरी तिच्यावरून तो मूळ स्वर कोणता असेल ते ताडतो. स्वर कळतो, पण अंगाला लागत नाही. आई म्हणत होती ते यापेक्षा निराळे नव्हते.

“म्हणजे मोठा स्पीकर हवा,” भाचा म्हणाला.

“पहिला स्पीकर, मग मशीन,” शेठ म्हणाले. स्वर एक सप्तक खाली गेला, की तेवढाच मोठा आवाज काढायला स्पीकरच्या कागदी कोनाला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. चार इंची कोन एवढा हलूच शकत नाही. आठ इंची निदान प्रयत्न तरी करतो. लहान स्पीकरच्या डब्याला भोक पाडून तो एका विशिष्ट सुरावर घुमवता येतो, आणि पहिल्या दुकानात आम्ही ऐकलेली बादली ती हीच: खाली काहीही वाजो, डबा आपला स्वतःचाच सूर म्हणतो. म्हणून शेठचा हिशेब असा, की हातात तीन रुपये असतील तर दोन स्पीकरला घालावे आणि एक अ‍ॅम्प्लिफायरला.

मग अ‍ॅम्प्लिफायरचे काम ते काय उरले? पहिले काम ताकद राखून ठेवण्याचे. आवाजाचे गणित मोठे विचित्र आहे. ताकद दुप्पट केली, तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो; कानाला आवाज दुप्पट वाटायचा, तर सुमारे दहा डेसिबल वाढ लागते, म्हणजे ताकद दहापट. एरवी खोलीत गाणे ऐकायला एक-दोन वॅट पुरतात. पण बेसचे बटण दहा डेसिबल फिरवले, की खालच्या सुरांसाठी दोनाचे वीस वॅट होतात, आणि त्यातच डग्ग्याची एखादी ठाम थाप आली की वीसही अपुरे. ताकद संपलेला अ‍ॅम्प्लिफायर लाटेचा माथा कापतो. मऊ ‘घे’चा फाटका ‘घर्र’ होतो, आणि वर स्पीकरही जळतो. प्रत्येक बाजूला खरेखुरे पन्नास वॅट, आणि चार ओहमच्या स्पीकरलाही न घाबरणारा, एवढा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या मध्यमवर्गीय खोलीला उदंड झाला.

दुसरे काम लगामाचे. झोपाळ्याला झोका देणे सोपे असते, पण तो हवा तेथे थांबवणे कठीण. आघात संपला तरी स्पीकरचा कोन आपल्या जडपणाने पुढे डुलत राहतो, आणि डुलताना स्वतःच उलटी वीज तयार करतो. चांगला अ‍ॅम्प्लिफायर ती वीज गिळून कोनाला आवरतो. या गुणाला ‘डॅम्पिंग फॅक्टर’ म्हणतात, आणि जाहिरातीत त्याचे पाचशे, हजार असे आकडे छापतात. “वीस-पन्नासच्या पुढचं सगळं कागदावर,” शेठ म्हणाले. कारण स्पीकरच्या वेटोळ्यात स्वतःचाच पाच-सहा ओहम विरोध असतो. त्याच्यापुढे अ‍ॅम्प्लिफायरच्या आकड्याची मातब्बरी चालत नाही. तारेचेही तसेच. शेकडो रुपये फुटाची सोनेरी तार नको. पंख्या-दिव्याच्या दुकानातली अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार घ्या, म्हणजे झाले.

वजनाचा प्रश्न मी विचारला, कारण आमच्या पिढीला जड वस्तू चांगली वाटते. पूर्वी अ‍ॅम्प्लिफायर उचलून पाहत, ते योग्यच होते. आतला ट्रान्सफॉर्मर जड, तर ताकद खरी. आता ‘डी’ वर्गाचे अ‍ॅम्प्लिफायर निघाले आहेत. ते वीज फारशी उष्णतेत न दवडता जवळजवळ सगळी स्पीकरला पोहोचवतात, आणि वजनाने पोळपाटाएवढेच असतात. हलका म्हणजे हलक्या प्रतीचा, हे समीकरण आता खरे राहिलेले नाही.

“आणि कमी आवाजात बेस गायब होतो, तो का?” भाच्याने विचारले.

त्याचे उत्तर यंत्रात नसून आपल्या कानात आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले, की आवाज लहान केला म्हणजे माणसाचा कान सर्वांत आधी खालच्या सुरांना बहिरा होतो. त्याची भरपाई म्हणून काही अ‍ॅम्प्लिफायरांवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असते. रात्री हळू आवाजात ऐकताना ते दाबावे, मोठ्या आवाजात काढून टाकावे. बेस-ट्रेबलची जी दोन बटणे आपण जन्मभर फिरवीत आलो, त्यांची सुटसुटीत जोडणी पीटर बॅक्झंडॉल या इंग्रज अभियंत्याने १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केली, आणि ती आजही वापरात आहे. जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांनी मात्र ‘फोनो’ची खाच असल्याची खात्री करावी. एलपी कापताना बेस मुद्दाम कमी केलेला असतो, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील. तो पुन्हा भरून काढण्याचे काम फोनोच्या भागाकडे असते. आणि १९२५ साली विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले, त्याच्या आधीच्या तबकड्यांत खालचे स्वर जवळजवळ उमटतच नसत. तेथे मात्र कोणताही अ‍ॅम्प्लिफायर हतबल आहे. जे आत नाही, ते बाहेर कोठून येणार?

हे वाक्य ऐकून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मागून आणलेला टेपरेकॉर्डर, एकच माइक, गच्चीवरचा वारा. वडिलांचा डावा हात त्या कॅसेटमध्ये मुळात आला होता की नाही, हे आतापर्यंत आम्ही कोणीच विचारले नव्हते. नसेल, तर आईला काय सांगायचे?

शेठनी मध्यम आकाराचा एक अ‍ॅम्प्लिफायर आठ इंची स्पीकरच्या जोडीला लावला, भाच्याच्या मोबाईलला तार जोडली, आणि बेसचे बटण मधोमध ठेवले. आवाज आला, पण त्याच्या पाठीमागे ‘घूं’ असा एक अखंड गुंजारव. भाच्याने घाईने बेस वाढवला, गुंजारवही वाढला. “ती लाइनीची वीज आहे,” शेठ म्हणाले, “पन्नास सायकलची. त्या वेळी टेपमध्ये शिरली. तुमच्या पेटीवर पांढरी पाच दाबून बघा, तिच्या खालच्या सप्तकांत सापडेल.” त्यांनी बटण उलटे फिरवून पुन्हा मधोमध आणले, आणि मग एक आश्चर्य केले. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, मला खुर्ची थोडी मागे सरकवायला लावली, आणि म्हणाले, “आता शोधू नका. नुसतं ऐका.”

गुंजारव मागे पडला. गायकाने मुखडा घेतला, सम आली, आणि समेवर डग्गा बोलला. घुमला, मनगटाखाली दबला, वर सरकला आणि विरला. त्याच्या पुढच्या आवर्तनात तसेच, पण थोडे निराळे. भाचा आजोबांना कधी भेटलेला नाही. तो मोबाईलकडे पाहायचा सोडून स्पीकरकडे पाहू लागला. मी जिन्याकडे पाहत होतो. डावा हात कॅसेटमध्ये होता. चाळीस वर्षे तेथेच होता.

शेठनी गाणे मध्येच बंद केले नाही. ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो. खाली गिऱ्हाइके ताटकळत होती. गाणे संपल्यावर ते म्हणाले, “डग्गा बघा, शाई मधोमध नसते त्याची. बाजूला असते. म्हणून तर हात फिरतो.” मला आठवले, की तबला-मृदंगाच्या या शाईने सी. व्ही. रामन यांनाही मोहात पाडले होते. १९२० साली त्यांनी या वाद्यांतल्या स्वरमेळाविषयी ‘नेचर’मध्ये एका सहकाऱ्यासह लेख लिहिला. लोखंडाचा कीस मिसळलेल्या त्या काळ्या टिकलीवर आपल्या कारागिरांनी केलेले काम ऐकायला घरात निदान आठ इंचांचा कोन असावा, एवढी त्यांच्या कष्टांची किंमत आहे.

भाच्याने स्वतःची गाणीही लावून पाहिली. काचा थरथरल्या नाहीत, पण बेस गिटार कोणत्या सुरांवरून चालली आहे, ते मलासुद्धा कळले. त्याला मात्र आणखी थोडे हवे होते. त्यावर शेठनी तोड काढली: अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीला ‘सब-आऊट’ची खाच आहे, पुढच्या वर्षी बोनस मिळाला की वेगळा सबवूफर जोडावा. “पण तोवर खालच्या मुलीची दहावी होऊ दे,” ते म्हणाले. हा सल्ला भौतिकशास्त्राला धरूनच आहे. वरचे सूर भिंत अडवते. खालच्या सुरांना भिंत म्हणजे पडदा. सप्तकागणिक खाली जावे, तशी भिंतीची मात्रा कमी चालते. म्हणून शेजाऱ्याला आपले गाणे ऐकू येत नाही, नुसती धडधड येते. आणि जगात दुसऱ्याची धडधड कोणाला आवडत नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर वाजवू नये असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. घरातल्या बेसला रात्रीचे दहा वाजायचीही वाट पाहू नये.

स्पीकर टेम्पोने यायचे ठरले. अ‍ॅम्प्लिफायर आम्ही हातात घेतला. आलटून पालटून धरीत दादरचा जिना चढलो, तेव्हा तो ‘डी’ वर्गाचा नाही याची मला खात्री पटली.

घरी आल्यावर दोन संध्याकाळी जागा ठरवण्यात गेल्या. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ कंपनांच्या आसपासचा सूर भिंतींशी फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा बेस कमी वाटला, तर नवा अ‍ॅम्प्लिफायर आणण्यापूर्वी खुर्ची दोन फूट सरकवून पाहावी. याला खर्च येत नाही. कोपऱ्यात स्पीकर ठेवला की बेस आपोआप वाढतो, पण बहुधा गढूळ होतो. उत्तम युक्ती अशी, की एक स्पीकर ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवून, गाणे लावून, आपण जमिनीलगत रांगत फिरावे. जेथे डग्गा स्वच्छ ऐकू येईल, तेथे स्पीकरची जागा. आम्ही मामा-भाचे असे रांगत असताना आई दारात येऊन उभी राहिली. तिने काही विचारले नाही, दार लोटून घेतले. खाली रबराचे जाड तुकडे घातले, आणि खालच्या घरी जाऊन त्या मुलीलाच विचारून आलो. “काही येत नाही काका,” ती म्हणाली, “फोडणीचा वास तेवढा येतो.”

पाडव्याच्या सकाळी अभ्यंगस्नान, फराळ आटोपल्यावर कॅसेट लावली. आई आपल्या नेहमीच्या खुर्चीत होती. हातात वाती वळायचा कापूस. पहिल्या समेला तिचा हात थांबला. मग पुन्हा वळू लागला, पण आता ठेक्यात. आम्ही कोणी बोललो नाही. मध्यलय आली, वडिलांनी एक लहानसा मुखडा घेतला, आणि आई एकाएकी म्हणाली, “इथं ह्यांनी घाई केली. मी त्या रात्रीही म्हटलं होतं.”

भाच्याने तेवढा भाग पुन्हा लावला. मी कान देऊन ऐकला. समेच्या जरासा आधी, डावा हात खरोखरच पुढे पळाला होता.

“बघ,” ती म्हणाली. “आणि आवाज थोडा कमी कर रे. खालच्या पोरीचा अभ्यास असेल.”

भाच्याने आवाज दोन घरे खाली आणला, आणि लाउडनेसचे बटण दाबले.